कस्टमरने कार्बनचा हिशेब मागितला. आकडे कुठून काढायचे?

मार्च सरत आला की भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली अशा वसाहतींतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. परचेसकडून मेल आलेला असतो. सोबत दहाबारा पानांची एक्सेल शीट, आणि खाली 'सात दिवसांत भरून पाठवावी' अशी ओळ. वर्षभरात ऊर्जा किती वापरली ती गिगाज्यूलमध्ये लिहा, हरितगृह वायू किती टन सोडले ते लिहा, पाणी किती उपसलं, कचरा किती निघाला आणि गेला कुठे. तुमचं शॉप चाळीस-पन्नास माणसांचं. तुम्ही शीट वरखाली करून बघता आणि अकाउंटंटकडे सरकवता. तो गेल्या वर्षीचे आकडे दहा टक्क्यांनी फुगवतो आणि पाठवून देतो.

दोन-तीन वर्षं हे खपलं. आता कस्टमरचे आकडे बाहेरचा माणूस तपासतो, आणि तो तपासता तपासता कधीतरी तुमच्या शीटपर्यंत येतो. नेमक्या याच वेळी दारात दुसरा माणूस उभा असतो, रंगीत डॅशबोर्ड विकणारा. 'सगळी मशीन जोडून देतो, रिपोर्ट आपोआप निघेल.' मग तुम्ही विचारता, हे घ्यावं का?

लगेच नको. आधी खालचं वाचा.

हे तुमच्यावर बंधनकारक आहे का?

सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने 'बीआरएसआर', म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. जुलै २०२३ मध्ये त्यातले निवडक आकडे वेगळे काढून 'बीआरएसआर कोअर' ठरलं, आणि त्या आकड्यांची बाहेरून तपासणी टप्प्याटप्प्याने लागू झाली: २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, २०२५-२६ ला ५०० आणि २०२६-२७ ला १०००.

तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड किंवा भागीदारीतली असेल तर सेबीचा हा नियम तुम्हाला थेट लागत नाही. पुरवठादारांची माहिती देण्याचा भाग पहिल्या २५० कंपन्यांसाठी आहे आणि २०२५-२६ पासून तोही ऐच्छिक ठेवला आहे. त्यातही एकट्याने कस्टमरच्या खरेदीत २ टक्के किंवा अधिक वाटा असलेलेच पुरवठादार मोजायचे असतात. वर्षाला दीड-दोन कोटींचं काम करणारं शॉप या चाळणीतून बहुधा खालीच पडतं.

तरी शीट येते. कस्टमरला स्वतःच्या पुरवठा साखळीचं उत्सर्जन, म्हणजे 'स्कोप ३', दाखवायचं असतं, किंवा त्याच्या परदेशी मालकाने मागितलेलं असतं. तेव्हा तुम्हाला बांधून ठेवतो तो पर्चेस ऑर्डरमधला किंवा सप्लायर कोडमधला मजकूर. तो काढून वाचा. माहिती देण्याची अट आहे का, मुदत काय, गुप्ततेचं कलम आहे का, एवढं पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

विकत घेण्याआधी कपाटं उघडा

निम्म्याहून अधिक आकडे तुमच्याकडे आजच असतात, फक्त वेगवेगळ्या खणांत:

- वीजबिलं, बारा महिन्यांची.
- जनरेटरच्या आणि स्वतःच्या टेम्पोच्या डिझेलच्या पावत्या.
- एलपीजी, ॲसिटिलीन, वेल्डिंगच्या सीओटू सिलिंडरची चलनं. वेल्डिंगचा सीओटू हवेतच जातो, तोही धरायचा असतो आणि हमखास राहून जातो.
- एसीत गॅस भरल्याच्या पावत्या. आर-४१० ए एक किलो गळाला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा पडतो.
- भंगाराच्या काटा-पावत्या, वापरलेल्या ऑइलची मॅनिफेस्ट, प्रदूषण नियंत्रण मंडळाला ३० जूनपर्यंत पाठवायचा घातक कचऱ्याचा फॉर्म ४.
- बायोमेट्रिक हजेरीचा डेटा.

वीजबिलात एक खाच आहे. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर आकारणी होते. बिलातला पैशासमोरचा मोठा आकडा उचलून शीटमध्ये टाकला की चूक झाली. अहवालाला केडब्ल्यूएच, म्हणजे खरी युनिटं लागतात. तीही त्याच बिलावर असतात. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर फरक पाच टक्क्यांचा पडतो.

छतावर सोलर असेल तर बिलात फक्त आयात आणि निर्यात दिसते. एकूण वापर म्हणजे आयात अधिक सोलरची निर्मिती वजा निर्यात. निर्मितीचा आकडा इन्व्हर्टरच्या पोर्टलवर मिळतो. दर महिन्याच्या एक तारखेला तो उतरवून ठेवा, कारण इन्व्हर्टर बदलला की जुना इतिहास जाऊ शकतो.

हिशेब एकदा हाताने करून पाहा

समजा तुमचा वार्षिक वापर १,२०,००० युनिट आणि २,००० लिटर डिझेल.

एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, म्हणून विजेची ऊर्जा ४३२ गिगाज्यूल. उत्सर्जनासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा गुणांक जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो युनिटला ०.७२७ किलो होता. १,२०,००० गुणिले ०.७२७, म्हणजे ८७.२४ टन. हा झाला स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचा. डिझेलच्या एका लिटरला सुमारे २.६८ किलो धरतात, म्हणजे ५.३६ टन. हा स्कोप १, म्हणजे तुमच्याकडे जाळलेल्या इंधनाचा. बेरीज ९२.६ टन.

एवढंच आहे. इथवर कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही. गुणांक कोणत्या वर्षाचा घेतला ते मात्र बाजूच्या रकान्यात लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा आकडा तुम्हालाच जुळणार नाही.

मग डिजिटल साधनं लागतात कुठे?

ती लागतात वाटणीसाठी. कस्टमर सहसा तुमचं एकूण उत्सर्जन मागत नाही, 'आमच्या मालापुरतं' मागतो, आणि वीजबिलावर कस्टमरची नावं नसतात.

सोपा मार्ग म्हणजे विक्रीच्या प्रमाणात वाटणं, आणि बहुतेक शीट तोच सुचवतात. तुमच्यासाठी तो घातक ठरू शकतो. समजा एका कस्टमरचं बिलिंग एकूण विक्रीच्या ३० टक्के आहे, कारण त्याच्या कामात कास्टिंगची किंमतही तुमच्या बिलात येते. मशीनच्या १२,००० तासांपैकी त्याच्या जॉबला मात्र २,१०० तासच लागले, म्हणजे १७.५ टक्के. विक्रीनुसार त्याच्या वाट्याला विजेचे २६.१७ टन येतात, मशीन-तासांनुसार १५.२७. वीज एकच, शॉप एकच, आणि फरक जवळपास अकरा टनांचा.

जॉबवर्क करणाऱ्यांचं दुखणं याच्या उलट. माल कस्टमरचा, तुमची विक्री फक्त मजुरीची. मग 'दर रुपया विक्रीमागे ऊर्जा' काढली की तुमचं शॉप जिल्ह्यातलं सगळ्यात उधळं दिसतं. अशा वेळी दर टन किंवा दर हजार नगांमागे आकडा द्या आणि 'काम जॉबवर्क स्वरूपाचं, विक्रीत मालाची किंमत नाही' असं शीटमध्येच लिहा.

मशीन-तास खरे हवेत तर मशीनकडूनच घ्यावे लागतात. सीएनसी आणि व्हीएमसीच्या कंट्रोलरमध्ये सायकल टाइम, पार्ट काउंट, रन-अवर असतातच; ते बाहेर काढून जॉब नंबरला जोडणं हे एमईएसचं, म्हणजे शॉपमधल्या उत्पादनाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. जुन्या लेथला कंट्रोलर नसतो. तिच्या केबलवर क्लॅम्प सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) लावला की निदान चालू-बंद कळतं, आणि तेवढं पुष्कळ झालं. जॉब नंबर मात्र ऑपरेटरलाच टाकावा लागतो. बारकोड स्कॅनर दिला तर तो टाकेल. कीबोर्ड दिलात तर दुसऱ्या आठवड्यापासून सगळे जॉब एकाच नंबरवर चाललेले दिसतील, आणि त्याला दोष देता येणार नाही. हाताला कूलंट लागलेलं असतं.

पहिला मीटर मशीनवर नको

'सगळी मशीन जोडा' या सल्ल्याला नाही म्हणा. क्रम असा ठेवा:

१. मेन इनकमर. इथला आकडा बिलाशी जुळला पाहिजे. न जुळल्यास पुढचं सगळं फोल.
२. कॉम्प्रेसर. रविवारी दुपारी शॉप बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि तासाभरात किती युनिट खातो ते बघा. एकही नग न बनवता तो जे खातो ती हवेची गळती. देखभाल नसलेल्या शॉपमध्ये कॉम्प्रेसरची २० ते ३० टक्के हवा अशीच जाणं नवलाचं नाही.
३. भट्टी, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग असं जड विजेचं जे काही असेल ते.
४. उरलेल्या मशीनचा एक गट मीटर.

चार-पाच मीटरमध्ये लहान शॉपचं भागतं. मीटर घेताना आरएस-४८५ पोर्ट आणि मॉडबस असलेलाच घ्या. काही हजारांत मिळतो. पोर्ट नसलेला मीटर थोडा स्वस्त पडतो आणि दोन वर्षांनी बदलावा लागतो.

आता एक प्रसंग. भोसरीतल्या एका शॉपची शीट मी पाहत होतो. वर्षाचा वीजवापर ३,००० युनिट लिहिलेला. मालक खूश होते: 'बघा, आपलं शॉप किती ग्रीन!' तीन हजार युनिटं तर त्यांच्या घरालाच लागत असतील. पॅनलपाशी गेलो. मीटर नवा, रीडिंग बरोबर, वहीत सुपरवायझरच्या सुवाच्य अक्षरात रोजची नोंद. सीटीवर लिहिलं होतं २००/५. म्हणजे मीटरच्या प्रत्येक आकड्याला ४० ने गुणायचं, आणि ते कुणीच गुणलं नव्हतं. खरा वापर १,२०,००० युनिट. मीटर बसवणाऱ्याने गुणक मीटरमध्ये भरला नव्हता, आणि ऑनलाइन डॅशबोर्ड तीच चूक रोज रात्री बारा वाजता निमूट मेल करत होता.

म्हणून पॅनलच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: सीटी रेशो किती, गुणक मीटरमध्ये भरलाय की बाहेर गुणायचा. आणि दर महिन्याला इनकमरची बेरीज बिलाशी ताडून पाहा. मीटरच्या अचूकतेमुळे दोन-तीन टक्के फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर बिलाची तारीख बघा. बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एक असेलच असं नाही.

फाउंड्री असेल तर

कोल्हापूरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचा सगळा खेळ इंडक्शन भट्टीवर आहे. कास्ट आयर्न वितळवायला टनामागे साधारण ५५० ते ६५० युनिटं लागतात. ६०० धरली तर वर दिलेल्या गुणांकाने टनामागे ४३६ किलो कार्बन डायऑक्साइड फक्त वितळवण्याच्या विजेचा.

भट्टीच्या पॅनलवर बहुधा स्वतःचा ऊर्जा मीटर असतो. हीट सुरू होतानाचं आणि टॅपिंगचं रीडिंग, चार्जचं वजन आणि वेळ, एवढ्या गोष्टी प्रत्येक हीटला आपोआप नोंदल्या गेल्या की अहवालाचं मोठं काम झालं. त्या नोंदीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला धातू भट्टीत धरून ठेवलेली पंचवीस मिनिटं. ती युनिटं कुठल्याच कास्टिंगमध्ये जात नाहीत, पण बिलात येतात. एका फाउंड्रीत हीट-नोंद भिंतीवर लावल्यावर मोल्डिंग आणि मेल्टिंगवाल्यांत आठवडाभर भांडण चाललं, आणि नंतर मोल्ड वेळेवर यायला लागले.

भागाकार करताना वितळवलेले टन आणि पाठवलेले टन यांची गल्लत करू नका. रनर-रायझर आणि रिजेक्शन पुन्हा भट्टीत जातं. कस्टमरला पाठवलेल्या टनामागचा आकडा हवा असतो, आणि तो नेहमीच मोठा असतो.

पाणी, कचरा, माणसं

पाण्याला एमआयडीसीचा मीटर असतो. टँकर आणि बोअर राहतात. बोअरच्या पाइपवर एक फ्लो मीटर लावा. कचऱ्याला वजनकाट्याची पावती हाच पुरावा. 'अंदाजे चार ड्रम' चालत नाही. चिप्स, कूलंट आणि वापरलेलं ऑइल वेगवेगळं मोजा.

अपघाताचा दर, म्हणजे एलटीआयएफआर, दहा लाख कामाच्या तासांमागे काढतात. साठ माणसं, आठ तास, तीनशे दिवस, असे १,४४,००० तास झाले. वर्षात एका कामगाराचं बोट चेपलं आणि तो दोन दिवस घरी बसला, तर दर ६.९४ निघतो. मोठ्या कंपनीच्या तक्त्यात तो भयंकर दिसतो. म्हणून अपघात लपवू नका. दराशेजारी प्रत्यक्ष संख्या आणि एकूण तास लिहा. कंत्राटी कामगारांचे तास आणि अपघात दोन्ही धरायचे. एक धरून दुसरं सोडलं की तपासणारा पहिल्या फेरीतच पकडतो.

सॉफ्टवेअरवाल्याला काय विचाराल?

- डेटा माझा की तुमचा? सगळा डेटा सीएसव्हीमध्ये केव्हाही उतरवता येईल का?
- वर्गणी बंद केली तर जुन्या नोंदींचं काय?
- नेट गेलं तर मीटरचे आकडे पुढे पाठवणारा गेटवे किती दिवसांची रीडिंग साठवतो? 'नेट जात नाही' हे उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.
- रीडिंग कुणी दुरुस्त केलं तर जुना आकडा, नवा आकडा, नाव आणि वेळ राहते का?
- उत्सर्जन गुणांक मला दिसतो का, बदलता येतो का?
- मीटरचं कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं आहे का?

डिजिटल ट्विन, ब्लॉकचेन, एआय हे शब्द सादरीकरणात आले तर त्यांची किंमत वेगळी लिहून मागा. लहान शॉपला त्यातलं आज काही लागत नाही.

तपासणारा काय विचारतो

तो एकूण बेरजेवर रेंगाळत नाही. मधलाच एखादा दिवस उचलतो: '१४ ऑगस्ट, दुसरी पाळी, कॉम्प्रेसर मीटर, हे रीडिंग कुठून आलं?' कोणता मीटर, किती वाजता, कुणी किंवा कशाने नोंदलं, मध्ये कुणी हात लावला का, हे दाखवता आलं तर तो पुढे जातो. डिजिटल नोंदीची खरी किंमत इथे कळते. वहीसुद्धा चालते, पण वर्षभराची वही एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली असली की ती कळून येते.

नोंद तुटली असेल तर तिथे शून्य टाकू नका, रिकामी ठेवा. त्या दिवसांचा अंदाज वेगळ्या रकान्यात, कसा काढला ते लिहून द्या. अंदाज देण्यात गैर काही नाही, तो अंदाज आहे हे सांगितलेलं असलं पाहिजे.

माल युरोपला जात असेल तर

युरोपियन संघाची 'सीबॅम' ही कार्बन आकारणी १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त नोंदीपुरती होती. १ जानेवारी २०२६ पासून ती पैशाची झाली. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज यांना ती लागते. घाबरण्याआधी मालाचा कोड पाहा. स्क्रू-बोल्ट-नट म्हणजे ७३१८ मूळ यादीत आहे, ७३२६ आहे. ओतीव वस्तूंचा ७३२५ आणि वाहनांच्या भागांचा ८७०८ मूळ यादीत नाहीत. यादी वाढवण्याच्या हालचाली चालू आहेत, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. पैसे तिथला आयातदार भरतो, पण तुम्ही मोजलेले आकडे दिले नाहीत तर त्याला ठरवून दिलेले चढे आकडे धरावे लागतात, आणि तो फरक तुमच्या दरातून मागतो.

काय द्यायचं नाही

पार्टनिहाय सायकल टाइम आणि नगामागे युनिटं दिलीत की तुमचा खर्च कस्टमरच्या हातात गेला. पुढच्या दरवाटाघाटीत तीच शीट तुमच्यासमोर येईल. वाट्याचा एकूण आकडा आणि वाटणीची पद्धत द्या, तेवढं पुरतं. तुमच्या डॅशबोर्डचा लॉगिन मागितला तर नम्रपणे नाही म्हणा, महिन्याची गोळाबेरीज पाठवा. कामगारांची नावं, आधार क्रमांक, हजेरीचे तक्ते देऊ नका. अहवालाला बेरजा लागतात, माणसांची यादी नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची जबाबदारी तुमच्यावरही येते.

आणखी एक गोष्ट पुरवठादारांना सहसा कुणी सांगत नाही. ज्या बीआरएसआर कोअरसाठी तुमच्याकडे शीट येते, त्यातच तुमच्या कस्टमरला स्वतःची देणी सरासरी किती दिवसांनी फेडतो ते, आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांकडून किती टक्के माल घेतो तेही जाहीर करावं लागतं. त्याच्या वार्षिक अहवालात ते पान काढून वाचा. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु असेल तर २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

शीट पाठवताना मेलमध्ये एवढं लिहिलंत तरी चालेल:

'सोबत २०२५-२६ ची माहिती. वीज बिलानुसार, डिझेल पावत्यांनुसार. आपल्या मालाची वाटणी मशीन-तासांवर केली आहे. जून ९ ते १२ मीटर बंद असल्याने त्या दिवसांचा आकडा अंदाजे. स्कोप ३ ची माहिती उपलब्ध नाही. ही माहिती फक्त आपल्या अहवालासाठी असून परवानगीशिवाय दरनिश्चितीसाठी वापरू नये. मार्चअखेर थकलेल्या बिलांची यादी जोडली आहे.'